दिवाळीत लेकरं घेऊन मालवणला जायचंय, समुद्र कसा राहील?

लातूर जिल्ह्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. घरची बरीच माणसं आहेत, त्यात वय झालेले आई-वडील आणि लहान लेकरं, दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जायचा बेत आहे आणि घरातल्या कुणीच आजवर समुद्र बघितलेला नाही. इकडं टीव्हीवर रोज कमी दाबाच्या पट्ट्याचं चालू आहे, व्हॉट्सअपवर वादळाचे फोटो फिरायलेत, सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, रानात उभी आहे. तर बुकिंग करू का नको, वादळ येईल का, आणि आलंच तर पाऊस तिकडं का आपल्याकडं, असं विचारायलेत.

भाऊ, मी पण आपल्याच भागातला, औशाकडचा. हवामान खात्यात निरीक्षक होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या वेधशाळांत गेली, आता रिटायर होऊन गावाकडंच असतो. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदी घ्यायच्या, वारा, ढग, दाब, तापमान, आणि किनाऱ्यावरची वेधशाळा असली की एक जास्तीचा रकाना, समुद्राची स्थिती. त्या रकान्यामुळं रोज समुद्राकडं नीट बघायची सवय लागली म्हणून लिहायलोय. जरा लांबंल, चहा घेऊन बसा.

आधी खरा प्रश्न काय आहे ते बघू. तुम्ही विचारताय वादळ येईल का. वादळ आलं तर ते चार-पाच दिवस आधी अख्ख्या देशाला कळतं, बोटी बंद होतात, पोलीस बीचवर उभे राहतात, तुम्ही पाण्याजवळ जाऊच शकत नाही. वादळाचा धोका आहे, पण त्याच्यावर नजर ठेवणारी माणसं लई आहेत. तुमच्या लेकरांना खरा त्रास होऊ शकतो तो निळं आभाळ, मस्त ऊन, वारा नाही, अशा दिवशी दुपारी साडेतीन-चारला. ते टीव्हीवर कुणी सांगत नाही. म्हणून मी तुमचा प्रश्न असा वाचतो, की दिवाळीच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, कुठल्या वेळेला आणि कुठल्या जागी लेकरांना पाण्यात सोडायचं.

याचं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. एक तर दिवाळी कधी येते. 2025 ला ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. ऐकायला दोन-अडीच आठवड्यांचा फरक, पण किनाऱ्यावर तो मोठा असतो. मोसमी पाऊस मुंबईतनं साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास माघारी फिरतो, देशातनं 15 ऑक्टोबरपर्यंत, ही सरासरी तारीख झाली, दरवर्षी मागं-पुढं होतं. त्यामुळं लवकरच्या दिवाळीत दुपारचे गडगडाटी ढग, विजा, गढूळ पाणी हे सगळं पदरात पडू शकतं, आणि उशिराच्या दिवाळीत बहुतेक वेळा हवा कोरडी होत आलेली असते. दुसरं म्हणजे त्या आठवड्यात समुद्रात कुठं लांब काही शिजतंय का. आणि तिसरं तुम्ही नेमकं कुठल्या किनाऱ्यावर उतरणार, कारण तारकर्ली, देवबाग आणि चिवला हे एकमेकांपासून काही किलोमीटरवरच असले तरी पाणी सारखं नाही.

आता आपल्या मराठवाड्याच्या माणसाची एक सवय. आपण हवामान वर बघून ओळखतो. आभाळ भरलं, वारं सुटलं, उकडायला लागलं, की ताडपत्री काढा. शेतात हे बरोबर आहे. समुद्राला हे लागू नाही, कारण समोरची लाट तिथल्या वाऱ्याची असेलच असं नाही, ती हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या वादळाची असू शकते. शेततळ्याच्या एका कोपऱ्यात दगड टाकला की दुसऱ्या काठाला पाणी हलतं, तिथं वारा असो नसो, तसंच हे. कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा असतात, ऑक्टोबर सरता सरता त्या मीटरभरावर येतात, कधी त्याहून कमी, म्हणून हा सीझन चांगलाच आहे. पण मधेच एखाद-दुसरा दिवस असा येतो की वारा नाही, ढग नाही आणि लाट मात्र पावसाळ्याची आठवण करून देणारी.

2019 ची दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं. त्याच्या दोन-तीन दिवस आधी रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण दोनशे किलोमीटरवर क्यार नावाचं चक्रीवादळ तयार झालं आणि ऐन लक्ष्मीपूजनाला ते सुपर सायक्लोन झालं. ते किनाऱ्यावर आलंच नाही, ओमानच्या बाजूला गेलं आणि समुद्रातच विरलं. तरी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लाटा उसळल्या, पर्यटकांच्या बोटी आणि स्कूबा-फिस्कूबा सगळं बंद, आणि ज्यांनी बरेच दिवस आधी बुकिंग केलं होतं ती माणसं रूमच्या गॅलरीत बसून समुद्र बघत होती. त्याच्या मागोमाग महा नावाचं दुसरं आलं. त्याच दिवसांत आपल्याकडं सोयाबीन पाण्यात गेलं होतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

मग दरवर्षी असं होतं का, तर नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा दुसरा सीझन आहे, पहिला एप्रिल-मे-जून. मधल्या पावसाळ्यात खालचा वारा एका दिशेला आणि वरचा उलट्या दिशेला जोरात असतो त्यामुळं वादळाचा खांब उभा राहत नाही. पावसाळा फिरला की हे वारे ढिले पडतात, पाणी तर गरम असतंच, म्हणून जोर धरतं. पण अरबी समुद्रातली बहुतेक वादळं ओमान-येमेनकडं नाहीतर वळून गुजरातकडं जातात. 2025 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला शक्ती झालं तेव्हा केवढा गोंधळ उठला होता, ते पण पश्चिमेला लांब निघून गेलं. पावसाळ्यानंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट चढलेलं म्हणजे नोव्हेंबर 2009 चं फयान, ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे चढलं. अशी उदाहरणं शोधावी लागतात. म्हणून वादळाच्या भीतीनं बुकिंग थांबवू नका असं माझं मत, पैसे परत मिळतील का तेवढं मात्र आधी विचारून घ्या, आणि ते लेखी.

आणि एक, टीव्हीवाले 'कमी दाब' म्हणाले की लगेच वादळ धरू नका. कमी दाबाच्या क्षेत्रात वारा ताशी 31 किलोमीटरच्या आतच असतो. त्यातनं पुढं डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, आणि 62 च्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. नाव नसताना कुणी 'महावादळ' म्हणून फॉरवर्ड पाठवला तर सरळ डिलीट करा.

आता भरती-ओहोटी, आणि इथं जरा थांबून वाचा.

दिवाळी ही अमावस्येला असते. कोजागिरी पौर्णिमेला. म्हणजे आपण सुट्टीचे म्हणून जे दिवस धरतो ते बरोबर उधाणाचे दिवस. अमावस्या-पौर्णिमेला भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते, तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर जातं, म्हणजे ओढ जास्त. त्यात उधाणाचा खरा जोर अमावस्येच्या दिवशी नसतो, एक-दोन दिवस उशिरा येतो. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज. आणि लोक निघतात कधी, तर लक्ष्मीपूजन उरकून.

भरतीच्या वेळेचा जुना हिशोब असा, तिथीला पाऊणने गुणायचं. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड, तर दीडच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. हा हिशोब मुंबईच्या बाजूला बऱ्यापैकी जमतो, मालवणला भरती थोडी आधी येते, आणि तासभर इकडं-तिकडं धरायचंच. पक्की वेळ हवी असेल तर मालवण बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर मिळतो, तो बघा. पण हिशोब यासाठी सांगतो की त्यातनं एक गोष्ट लगेच दिसते.

पाडवा-भाऊबीजेला भरती दुपारी बारा-एकच्या आसपास पूर्ण, मग ओहोटी लागते ती संध्याकाळी सहा-सातपर्यंत. ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त असते मधल्या टप्प्यात, म्हणजे तीन ते पाच. आणि माणसं काय करतात? सकाळी किल्ला बघतात, दुपारी मासे खाऊन झोपतात, चारला ऊन कमी झालं की सगळी फौज पाण्यात. बरोबर ज्या वेळेला पाणी बाहेर खेचतंय त्याच वेळेला.

तेच अष्टमी-नवमीला उलटं आहे. भरती सकाळी सहाच्या आसपास, ओहोटी दुपारी बारापर्यंत, आणि दुपारी बारापासनं संध्याकाळपर्यंत पाणी किनाऱ्याकडं येतंय, ते पण हळूहळू, कारण ही भांगाची भरती, तिला जोर नाही. चारला पाण्यात गेलात तरी पाणी तुम्हाला काठाकडंच ढकलतंय. त्यामुळं तारखा तुमच्या हातात असतील तर दिवाळी घरी करा, भाऊबीज उरका, बहिणींना वाटेला लावा आणि षष्ठी-सप्तमीला पोहोचा असं निघा. अष्टमी, नवमी, दशमी समुद्रावर. तुळशीच्या लग्नाला घरी. गर्दी पण कमी आणि रूमचे भाव पण उतरलेले. शाळेच्या सुट्टीत बसत नसेल आणि पाडव्यालाच तिथं असाल तर पोहायचं काय ते सकाळी आठ ते अकरा, पाणी चढत असताना. दुपारनंतर वाळूत किल्ले करा, घोट्याच्या वर पाणी नको.

देवबागचं वेगळं सांगायला पाहिजे. तारकर्लीच्या पुढं जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोन्ही मिळतात तो संगम. फोटोत लई भारी दिसतो आणि बोटवाले तिथल्या वाळूच्या बेटावर घेऊन जातात. पण ओहोटीला आख्खी खाडी त्या तोंडातनं बाहेर पडते, ऑक्टोबरात नदीला पावसाळ्याचं पाणी अजून असतं ते त्यात भर घालतं, आणि समोरनं समुद्राची लाट आत येते. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट भिडली की लाट उभी राहते आणि जागेवर फुटते. एक फर्लांगावरच्या किनाऱ्यावर गुडघाभर शांत पाणी असतं आणि इथं मोठ्या माणसाचा पाय टिकत नाही. पोहता येणाऱ्यांनी पण तोंडाशी उतरू नये. बोटीनं जायचं तर भरतीच्या सुमारास जा, जाकीट घातल्याशिवाय बोट हलू देऊ नका, आणि दहाची बोट असेल तर त्यात तेरा बसवतो म्हणणाऱ्याला हात जोडा. लहान लेकरांसाठी मालवणातला चिवला बीच त्यातल्या त्यात आडोशाचा आहे, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, लाट मोडून आत येते. पण आडोशाचा म्हणजे बिनधोक नव्हे, लेकरापासून हाताच्या अंतरावर मोठं माणूस पाहिजेच, आणि ते माणूस मोबाईलवर नको.

आता लाट कशी बघायची. बीचवर गेल्या गेल्या लेकरांना पाण्यात सोडू नका, पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून बघा. घड्याळात सेकंद मोजा, एक लाट फुटली की पुढची किती वेळानं फुटते. पाच-सात सेकंदांनी येत असतील तर त्या जवळच्या वाऱ्याच्या, उथळ, त्यांचा स्वभाव लगेच कळतो. बारा, चौदा, सोळा सेकंदांनी यायला लागल्या की ती लांबून आलेली लाट, तिच्यात पाणी जास्त असतं आणि ती काठावर लई वरपर्यंत चढते आणि तितकीच जोरात मागं खेचते. हिची एक वाईट खोड म्हणजे ही झुंडीनं येते. चार-पाच मिनिटं काहीच नाही, माणूस म्हणतो काय शांत समुद्र आहे, कातळावर उभा राहून सेल्फी काढतो, आणि मग लागोपाठ तीन-चार मोठ्या. ओले झालेले कातळ लांबून वेगळेच दिसतात, काळे आणि चकचकीत. कोरड्या आणि ओल्या कातळाची ती रेघ बघा आणि तिच्या खाली कधीच उभं राहू नका, अर्धा तास तिथं लाट पोहोचली नसली तरी.

वाऱ्याचं पण एक. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे वाचले असतील आणि परीक्षा झाल्यावर विसरला असाल, तिथं ते रोज दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्रभर जमीन थंड होते, सकाळी वारा जमिनीवरनं समुद्राकडं जातो, हा मतलई. त्यामुळं सकाळी पाणी तेलासारखं सपाट दिसतं, बोटीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला हीच वेळ, म्हाताऱ्या माणसांना बोटीत चढ-उतार सोपी जाते. अकरा-बारानंतर वारा फिरतो, समुद्राकडनं सुटतो, दुपारी पाण्याला खडबड येते. आता सकाळच्या सपाट पाण्याचा धोका कुठं, तर हवा भरलेल्या ट्यूब, ते बदक, ते गाद्या. मतलई वारा त्यांना अलगद आत समुद्रात घेऊन जातो. लेकरू ट्यूबवर बसलेलं आणि बाप कमरेएवढ्या पाण्यात, दोन मिनिटांत ट्यूब बापाच्या हाताबाहेर. लाट नाही, आवाज नाही, कुणाला कळत पण नाही. ट्यूब घेऊच नका. विकत घेतली असेल तर गावातल्या विहिरीला वापरा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाऊस तिकडं का इकडं. हे सिस्टीम कुठल्या समुद्रात आहे यावर. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावर चढून पश्चिमेला निघालं तर तेलंगणातनं ते आधी आपल्याच दारात येतं. 13 ऑक्टोबर 2020 ला काकीनाड्याजवळ डीप डिप्रेशन चढलं, दुसऱ्या दिवशी सोलापूर, उस्मानाबाद, लातूर सगळीकडं पाणीच पाणी, मग ते पुढं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरनं अरबी समुद्रात उतरलं. त्याच्या पुढच्या वर्षी गुलाब. 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर चढलं, दोन दिवसांत मराठवाड्यावर, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठचं सोयाबीन गेलं. तेच गुलाब गुजरातच्या बाजूनं अरबी समुद्रात उतरलं, परत ताकद धरली, नवीन नाव मिळालं शाहीन, आणि 3 ऑक्टोबरला ओमानमधे चढलं. एकच सिस्टीम, आपलं रान बुडवून परत समुद्रात जाऊन चक्रीवादळ झाली.

म्हणून उपसागरात डिप्रेशन आहे आणि त्याचा रस्ता आंध्र-तेलंगणाकडं दाखवतायत असं असेल तर समुद्रापेक्षा बनमीची काळजी आधी. अशा वेळेला मी तर निघायचं दोन दिवस पुढं ढकलीन, बनीम झाकून, कडेनं चर काढून, शक्य असेल तर मळणी करून रास घरात घेऊन मगच गाडीत बसीन. सहलीतनं फोनवर ताडपत्री बांधता येत नाही. आणि ते आपल्यावरनं गेलं म्हणजे संपलं असं नाही, एक-दीड दिवसानं ते किनाऱ्यावर पोहोचतं, तेव्हा तुम्ही तिथं असाल तर पाऊस परत भेटतो. उलट सिस्टीम अरबी समुद्रात असेल तर आधी समुद्र खवळतो, आपल्याकडं कधी नुसते ढग, कधी पाऊस, क्यारच्या वेळेला दोन्हीकडं झालं तसं.

बघायचं कुठं, तर तीन जागा पुरेत. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज, सिंधुदुर्गचा आणि तुमच्या जिल्ह्याचा दोन्ही. दुसरी हैदराबादची इन्कॉईस, ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज देते, लाटांची उंची आणि लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे पण, किनाऱ्याच्या जिल्ह्याप्रमाणं. 'उंच लाटांचा इशारा' असा शब्द दिसला की त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, आभाळ कितीही निळं असू द्या. तिसरी जागा म्हणजे बंदर. पेपरात वाचता ना, बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला, त्याचा अर्थ त्या बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, मच्छीमारांनी जपून. एक नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे. बावटा लागला की किल्ल्याच्या बोटी पण बहुतेक थांबवतात, तिथं बोटवाल्याशी हुज्जत घालू नका की आम्ही एवढ्या लांबून आलोय.

ह्या तिन्हींपेक्षा सोपी चौथी आहे. सकाळी बीचवर रापण ओढणारी माणसं दिसतील, मोठं जाळं किनाऱ्यावरनं दोन्ही बाजूंनी ओढतात. त्यांना नाहीतर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाला विचारा, आज पाणी कसं आहे. ती माणसं पाण्यावरच जगतात. जो तुम्हाला राईड विकणार आहे त्याला मात्र विचारू नका.

मोबाईलमधे हवेचा दाब दाखवणारं ॲप असतं, हौशी माणसं ते उघडून बसतात आणि दुपारी चारला दाब उतरलेला बघून घाबरतात. आपल्या भागात दाब रोजच सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो, रात्री परत चढतो, त्यात काही विशेष नाही. आम्ही नोंदीत बघायचो तो कालच्या याच वेळेशी फरक. काल चारला किती आणि आज चारला किती. तो फरकच तीन-चारच्या पुढं गेला तर मग फोन लावायचे.

दिवाळी लवकरची असेल तर विजांचं विसरू नका. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर सह्याद्रीवर उभे राहतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडं पण सरकतात. उघड्या वाळूत माणूसच सगळ्यात उंच असतो. गडगडाट ऐकू आला की बीच सोडायचा, झाडाखाली नाही, गाडीत नाहीतर पक्क्या घरात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप घेऊन ठेवा, शेतात पण कामाला येतं. घाट पण याच कारणानं दुपारच्या आत उतरा. कोल्हापूरहून गगनबावड्याचा करूळ घाट घ्या नाहीतर फोंडा घाट, रस्ता चालू आहे का ते कोल्हापुरात विचारून मगच वळा, आणि पहाटेच्या धुक्यात नवख्या ड्रायव्हरला घाटात घालू नका.

आई-वडिलांसाठी एवढंच की ऑक्टोबरातलं कोकण आपल्यासारखं कोरडं नसतं. थर्मामीटरवर आकडा आपल्याकडच्यासारखाच 32-33 दिसंल, पण घाम वाळत नाही, त्यामुळं किल्ल्यावर अकराच्या उन्हात त्यांना चालवू नका. बीपीची गोळी चालू असेल तर पाणी आणि मीठ-साखर किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. नोव्हेंबरात हे बरंच कमी होतं.

स्कूबाचं विचारलं नाही तुम्ही पण पोरं तिथं गेल्यावर मागं लागणारच. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो, ऑक्टोबरात पाणी बऱ्याचदा हिरवट-गढूळ असतं आणि फोटोत दाखवतात तसं काही दिसत नाही. डिसेंबरात खरं दिसतं. पैसे मोजायच्या आधी सकाळी त्याच दिवशी पाण्यात जाऊन आलेल्या एखाद्याला गाठून विचारा, किती फुटांपर्यंत दिसलं. दहा फुटांपेक्षा कमी म्हणाला तर ते पैसे सुरमईच्या थाळीवर घाला.

तारखा पक्क्या झाल्या की इथं खाली तिथीसकट लिहा, रोजच्या भरतीच्या वेळा काढून देतो.